आधी कोणी बोलायचं

अमाकाच्या आई,

काल तुला तुझ्या गावी मातीआड केलं. निखिलने फोटो पाठवले. लाल माती, एकाच छापाच्या कापडात उभ्या असलेल्या तुझ्या बहिणी, आणि मधे तुझी लेक, माझी सून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. मी इथे एडमंटनलाच राहिले. आपल्या नातीला, ताराला, कोणीतरी सांभाळायला हवं होतं आणि तुमच्या देशाच्या व्हिसाचं इतक्या घाईत काही जमलं नसतं. दोन्ही कारणं खरी आहेत. तरी तुझ्या शेवटच्या प्रवासात मी नव्हते, हे खुपतंच आहे.

बघ, तुला 'तू' म्हणून मोकळी झाले. सहा वर्षं आपण इंग्रजीत बोललो. तिथे काय, राजालाही 'यू' आणि रांगत्या पोरालाही 'यू'. आमच्या नागपुरात विहिणीला अहो-जाहो करतात, दहा वेळा भांडण झालं तरी. पण लिहायला बसले आणि हात आपोआप 'तू'कडे वळला. आम्ही आईला तू म्हणतो आणि धाकट्या बहिणीलाही तू म्हणतो. तू माझी यातली कोण होतीस, ते तुला सांगायचं राहून गेलं. शेवटच्या दिवशी ओठांवर आलं होतं, पण सांगितलं नाही. आता सांगते, म्हणजे निदान लिहून तरी होईल.

आपली पहिली भेट आठवते? निखिलच्या कॉन्डोमधे, फेब्रुवारीत. मी नागपूरहून येऊन आठवडा झाला होता आणि स्वेटरवर स्वेटर चढवून सोफ्यावर बसले होते. मी वरमाय. आमच्याकडे मुलीच्या आईने पुढे यायचं, नमस्कार करायचा, 'या विहीणबाई' म्हणायचं. वरमायने जरा ताणून धरायचं, मग प्रसन्न व्हायचं. तो तोरा मी निम्मं जग ओलांडून बरोबर आणला होता. दार उघडलं आणि तू आलीस. उंच, सरळ पाठीची, डोक्याला निळं कापड उंच बांधलेलं. बूट काढलेस, कोट अमाकाकडे दिलास आणि खोलीच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे पाहिलंस.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू काही बोलेनास. मीही बोलेना. मग तू समोरच्या खुर्चीवर बसलीस आणि पाऊण तास निखिल आणि अमाका दोघं आळीपाळीने पार्किंगबद्दल आणि बर्फाबद्दल बोलत राहिले.

तू गेल्यावर मी निखिलला म्हटलं, "बाप्पा! मुलीच्या आईला साधा नमस्कार करता येत नाही?"

"आई, प्लीज, असं काही नाहीये. शी इज व्हेरी पोलाइट, खरंच."

त्याच वेळी गाडीत तू अमाकाला म्हणत होतीस, "तिच्या घरच्यांनी तिला काही शिकवलं नाही का? मी दारात उभी राहिले आणि तिने तोंड उघडलं नाही." हे मला फार नंतर कळलं. लग्न झालं. फोटोत आपण दोघी दोन टोकांना आहोत, दोघींचीही तोंडं फुगलेली. वर्षभर आपण एकमेकींशी फक्त कामापुरतं बोललो, तेही लेकरांमार्फत.

कोंडी फोडली अमाकाने. तिसरा महिना चालू होता तिचा, काही पोटात ठरत नव्हतं. किचनमधे स्टुलावर बसून, डोकं ओट्यावर टेकून ती मला म्हणाली, "आई, प्लीज ऐका. आमच्यात लहान माणसाने मोठ्याला आधी ग्रीट करायचं असतं. मोठं माणूस आधी बोलूच शकत नाही. मामा, माझी आई, तुमची वाट बघत होती. शी वॉज वेटिंग, आई. अजून वाट बघतेय."

मी म्हटलं, "आणि मी लहान कशावरून?"

तर हिने व्हिसाच्या वेळी माझ्या पासपोर्टची कॉपी काढलेलीच होती. तुझी तारीख तुमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतली, पक्की. माझी, पासपोर्टवरची, एक जून. हिशोब केला तर तू माझ्याहून सात महिन्यांनी मोठी.

आता ऐक, राहून गेलेली गोष्ट. ती एक जून खोटी आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची असायची. माझ्या बाबतीत वर्षही खोटं आहे. पाठची भावंडं सांभाळायला घरी ठेवलं होतं मला, दोन वर्षं उशिरा शाळेत घातलं. पहिलीत घोडी दिसू नये म्हणून गुरुजींनी दोन वर्षं कापून टाकली. म्हणजे मी तुझ्याहून दीड वर्षानं मोठी आहे. त्या पहिल्या दिवशी आधी तू बोलायला हवं होतंस, तुमच्या रीतीने आणि आमच्याही रीतीने.

हे ओट्यापाशी सांगितलं असतं तर मी जिंकले असते. पण त्या पोरीचा चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. कोणीतरी पडतं घ्यायला हवं होतं आणि मला संधी आयती मिळाली होती. मी मूग गिळले. म्हटलं, "सात महिने तर सात महिने. काय म्हणायचं असतं, शिकव."

तिने तुमच्या भाषेतलं शिकवलं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देवनागरीत लिहून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. सकाळी, इ बोला ची. तुला उजाडलं का? मग, केदू. कशी आहेस? दारात आलेल्याला, न्नो. ये. रात्री निरोप घेताना, का ची फो. उजाडू दे. पोस्टात तीस वर्षं खिडकीवर बसलेली बाई मी, टेलिग्राम आणि मनीऑर्डरी तोंडपाठ, पण हे चार शब्द जिभेवर बसायला आठ दिवस लागले. अमाका म्हणायची, स्वर वर न्या, आता खाली आणा. मी म्हणायचे, या वयात मला गाणं शिकवतेस का?

मग एका शनिवारी हिवाळी बूट घालून, डब्यात पुरणपोळ्या घेऊन एलआरटीच्या ट्रेनने तुझ्याकडे आले. ठरवलं होतं, धाकटी व्हायचंच आहे तर अर्धवट नको. तू दार उघडलंस. मी म्हटलं, "इ बोला ची?" आणि म्हणता म्हणता वाकले, तुझ्या पायांना हात लावायला.

तुला वाटलं, मी बुटांखालच्या बर्फाच्या पाण्यावरून घसरले. "न्दो! न्दो! सॉरी ओ!" म्हणून ओरडलीस आणि दंडाला धरून असं वर ओढलंस की डबा सुटला आणि पोळ्या तुझ्या दारातल्या पायपुसण्यावर गेल्या. "कुठे लागलं? दाखव." मी काय करत होते ते समजावून सांगेपर्यंत तू मला खुर्चीत बसवून गुडघा दाबून बघितलाही होतास. समजल्यावर तू जी हसलीस! शेजारच्या बाईने भिंत ठोकली. मग डोळे पुसून म्हणालीस, "माणसं एवढी खाली वाकतात तुमच्याकडे? मग त्या दिवशी सोफ्यावर खिळे ठोकून कोणी बसवलं होतं तुला?"

न्दोचा अर्थ तू त्याच दिवशी सांगितलास. कोणाला लागलं, कोणाचं गेलं, कोणी दमलं, की न्दो म्हणायचं. चूक तुझी नसली तरी. मी म्हटलं, आमच्याकडे तर चूक असली तरी म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून सकाळी साडेसातचा फोन सुरू झाला. मीच करायचा, कारण मी धाकटी. तुमची ती विचारपूस दोन मिनिटांत उरकायची नसते हे तू मला शिकवलंस. झोप कशी लागली, गुडघा काय म्हणतो, निखिल कसा आहे, नागपूरची माणसं कशी आहेत. एकेकाचं विचारून झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. एकदा घाईत मी फोन लावला आणि थेट विचारलं, "आज ताराला डेकेअरमधून कोण आणणार?" तू म्हणालीस, "कोण बोलतंय?" स्क्रीनवर माझं नाव दिसत होतं तुला. मी फोन ठेवला, पुन्हा लावला. "इ बोला ची?" तर तू लाडाने, "ए, न्वान्ने म! केदू?" हो गं, माझ्या बहिणी, कशी आहेस. आमच्याकडे चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. तुझ्याकडे नमस्काराशिवाय पाणीही नाही.

डिसेंबरात मी वाद घातला होता. साडेसात वाजले तरी बाहेर मिट्ट काळोख, सूर्य नऊच्या आसपास उगवणार, मग उजाडलं का म्हणून काय विचारायचं? तू म्हणालीस, "मी सूर्याला नाही विचारत. तुला विचारते. तू डोळे उघडलेस ना? मग तुला उजाडलं." हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता खरं सांगू? पहिले दोन महिने ते धाकटेपण मी सुनेसाठी निभावलं. मनात म्हणायचे, घे बाई मान, मी खरी कोण ते मला माहीत आहे. पुढे कधी काय झालं कळलं नाही. मी पाच भावंडांत थोरली. सासरी थोरली सून. नवरा गेला तेव्हाही सगळे माझ्याकडे बघत होते, आता काय करायचं म्हणून. मला कोणी विचारलं नव्हतं, झोप लागली का. आणि इथे तू. बर्फावर साध्या बुटांनी चालले म्हणून मला रागावणारी. तळाला खिळे असलेली रबरं आणून, स्वतः खाली बसून, माझ्या बुटांना चढवून देणारी. माझा मफलर सोडून पुन्हा नीट बांधणारी. माझ्यासाठी तुमचा तो टोमॅटोचा लाल भात मांस न घालता वेगळा शिजवणारी, आणि मी भांडी घासायला उठले की "यू आर द स्मॉल वन, सिट डाउन" म्हणून दटावणारी. मला साठीनंतर कोणीतरी मोठं मिळालं होतं. खरं बोलून ते घालवायचं नव्हतं मला. म्हणून गप्प राहिले. आधी शहाणपणाने, नंतर लोभाने.

आणि मग तो गुरुवार. तू आमच्याकडे आली होतीस. तारा डेकेअरमधून आली आणि तुझ्याकडे न बघता तशीच टॅब्लेटकडे पळाली. तू तिला परत बोलावलंस. बाहेर जा, आत ये, आजीला 'केदू' विचार. ती आली, बोलली नाही. पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी तिने भोकाड पसरलं. मी म्हटलं, "सोड ना. इथली पोरं अशीच असतात, हाय म्हणतात आणि पळतात." तू म्हणालीस, "जे मूल विचारत नाही, त्याला घरात कोण आहे तेच कळत नाही. उद्या तुझ्या दारावरूनही ती अशीच जाईल." बरोबर होतं की चूक, अजून मला ठरवता येत नाही. रडवून शिकवू नये, हे मात्र मी आजही म्हणेन, तू नसलीस तरी. पण त्या दिवशी माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हटलं, "आमच्या घरचं आम्ही बघून घेऊ."

आमच्या घरचं. तू उठलीस. कोट घातलास, बटणं लावायला वेळ लागला तुला, मी मदतीला उठले नाही.

शुक्रवारी साडेसातला मी फोन केला नाही. शनिवारीही नाही. मनात धरून बसले होते, की एकदा तरी तू कर. आहेच मी मोठी, कर ना फोन. सोफ्यावरची ती वरमाय पुन्हा येऊन बसली होती. आणि तुला करता येत नव्हता, कारण तू मोठी होतीस. अमाका नंतर म्हणाली की दोन्ही सकाळी तू खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसली होतीस. तिने "मामा, तूच कर" फोनवर म्हटलं तर म्हणालीस, "ती करेल. तिला उशीर झाला असेल."

मला उशीरच झाला. शनिवारी दुपारी तुझ्या छातीत कळ आली.

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या त्या खोलीत मी आले. नाकाला नळी, हाताला सुई, डोक्याला कापड नाही. तुझे केस इतके पांढरे आहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं. दारातच माझे पाय थांबले, काय तोंडाने बोलू म्हणून. आणि तू मान वळवलीस. माझ्याआधी तू बोललीस.

"इ बोला ची, मामा निखिल?"

निखिलच्या आई, तुला उजाडलं का? सहा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, औषधांनी डोकं जाग्यावर नाही तुझं. मी धावत आले, तुझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आणि बोलायचे ते सगळे शब्द विसरले. नुसतं "न्दो, न्दो" म्हणत राहिले. तू डोळे मिटून हसलीस. मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय." तेवढ्यात नर्स आली, तुला तपासणीसाठी न्यायचं होतं. म्हटलं, उद्या सांगू, घाई काय आहे. जाताना मी "का ची फो" म्हटलं. तूही म्हटलंस. सोमवारी तुला उजाडलं नाही.

तुला गावी नेण्याआधी इथल्या चर्चमधे तुझ्या मंडळातल्या बायका एकेक करून माझ्याकडे आल्या, माझा हात धरून न्दो म्हणाल्या. मला, नागपूरच्या बाईला. मी सगळ्यांना उत्तर दिलं, तू शिकवलंस तसं, डोळ्यात बघून. पण प्रत्येकीला सांगावंसं वाटत होतं की मला नका म्हणू, दोन सकाळी मी हिला वाट बघायला लावली आहे.

आज सकाळी उठले. साडेसात वाजले. हात फोनकडे गेला आणि तिथेच राहिला. आणि फोन वाजला. अमाका. तिच्याकडे दुपार टळून गेली होती, मागे बायकांचे आवाज येत होते. ती मला रोज "हाय आई" म्हणते. आज म्हणाली, "आई, इ बोला ची?"

उत्तर देण्याऐवजी मी भलतंच बोलले. रडत रडत तिला सगळं सांगितलं, एक जून, गुरुजी, ती कापलेली दोन वर्षं. म्हटलं, तुझ्या आईला मी फसवलं. मी मोठी होते आणि तिला सांगितलं नाही.

मागचे आवाज कमी झाले, ती बाजूला गेली असावी. मग अमाका म्हणाली, "आई, मामा न्यू. तिला माहीत होतं."

"काय?"

"ताराच्या बारशाला निखिलने गंमत म्हणून सांगितलं होतं तिला. मीच घाबरले, म्हटलं, मामा, आता तू आधी ग्रीट करायला पाहिजेस. तर म्हणाली, लीव्ह इट. ती बाई सगळीकडे मोठीच होऊन राहिली आहे. माझ्या घरी तिला लहान राहू दे."

चार वर्षं. चार वर्षं तू रोज सकाळी माझ्या फोनची वाट बघितलीस, मोठी म्हणून नाही, मला धाकटं राहता यावं म्हणून. त्या दोन सकाळीही. आणि शेवटी हॉस्पिटलात, शुद्धीवर असताना, माझा मान मला देऊन गेलीस. मला नको होता गं तो.

"आई?" अमाका म्हणाली. "आर यू देअर?"

तिने विचारलेल्याचं उत्तर अजून मी दिलं नव्हतं. तिची आई गेली होती आणि आधी तिने मला विचारलं होतं. बाहेर अजून काळोखच होता, खिडकीच्या काचेला बर्फ धरलेलं. तू लेकीला उत्तर द्यायचीस ते मी इतकी वर्षं ऐकत आले होते. तुझेच शब्द घेतले.

"ए, न्वा म," मी म्हटलं. हो, माझ्या लेकरा. "उजाडलं."